चुन्याचा फलाट

लोकल गाडीचा तो वाढीव मार्ग का झाला नाही, असं विस्तार-कार्यालयात विचारलं की दोन कारणं मिळतात. तळमजल्यावर जमिनीचं मिळतं : माती भुसभुशीत निघाली. वरच्या मजल्यावर लोकांचं मिळतं : मागणीच नव्हती. माती भुसभुशीत नव्हती. ती इतकी घट्ट होती की तपासायला आलेल्यांचं गिरमिट तिच्यात अडकलं आणि ते त्यांनी तसंच टाकून दिलं. अजून तिथं आहे, लोक त्याला सायकली टेकवतात. मागणी नव्हती हे मात्र खरं आहे. कागदावरही खरं आहे आणि कागदाबाहेरही. सरकारी कारणाच्या नशिबी असा योग क्वचित येतो.

हे दुसरं कारण ज्यांनी लिहिलं त्यांना कार्यालयात सगळे अंदाजबाई म्हणत. अमुक गावाला गाडी नेली तर तिच्यात माणसं किती बसतील, याचा अंदाज करणं हे त्यांचं काम. पूर्वी हा अंदाज घरोघर विचारून करत. दारात जायचं, नमस्कार करायचा, "गाडी आली तर जाल का?" म्हणून विचारायचं. त्यात गोम अशी की दारात आलेल्याला नाही म्हणणं लोकांच्या जिवावर येतं. उन्हातून आलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस. त्याचं मन कशाला मोडा? लोक पाणी देत, "जाऊ की, रोज जाऊ" म्हणत, आणि वर "धाकट्याचंही लिहून घ्या" असं सांगत. अशा होकारांच्या भरवशावर मागे एक मार्ग बांधून झाला होता. त्या मार्गावर गाडी अजून धावते. तिच्यात चालक असतो, गार्ड असतो आणि एक आजोबा असतात. ते गार्डचे सासरे आहेत.

म्हणून या खेपेला साहेबांनी नवीन टूम काढली. साहेब निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते, आणि उंबरठा ओलांडायच्या आधी काहीतरी करून दाखवावं असं त्यांनी मनात घेतलं होतं.

"बाई, तोंड खोटं बोलतं," ते म्हणाले. "पाय नाही बोलत. लोकांना विचारू नका. लोकांना उभं करा."

"कुठं, साहेब?"

"फलाटावर."

"फलाट नाहीये अजून."

"मग काढा की. चुन्याने."

बेत असा होता : गावाच्या टोकाला जिथं स्टेशन व्हायचं तिथल्या मैदानावर चुन्याने फलाट आखायचा, अगदी खऱ्या मापाचा. एक भोंगा लावायचा. ज्याला खरोखरच गाडीने जायचं असेल त्याने सकाळी यावं, उभं राहावं, गाडी आल्याची घोषणा ऐकावी आणि घरी जावं. संध्याकाळी पुन्हा यावं आणि उतरल्यासारखं करावं. जो एवढा त्रास घेईल तो खरा प्रवासी. साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती दोनदा सांगितली.

आता योगायोग म्हणा, पण ते गाव म्हणजे बाईंचं माहेर. आईवडील केव्हाच गेले होते. घरात दादा आणि वहिनी. बाई शहरात एकट्या राहत आणि सुट्टीच्या दिवशी बसने गावी जात. दादा पाट्या रंगवायचा. गावातल्या निम्म्या दुकानांवरची अक्षरं त्याच्या हातची, आणि ती अशी की दुकानापेक्षा पाटी बघायला लोक थांबावेत. मग फ्लेक्स आला. आता दुकानदार सकाळी फोटो पाठवत आणि संध्याकाळी स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्यासकट पाटी टांगत. दादाचे ब्रश डब्यात उभे राहून राहून एका बाजूला कलले. दादाही तसाच खिडकीशी.

"वन्सं, यांना कुठंतरी चिकटवा हो," वहिनी म्हणाली. "दिवसभर खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या चपला बघतात. परवा दूधवाल्याला म्हणाले, तुझा डावा अंगठा झिजलाय. तो बिचारा घाबरून दवाखान्यात गेला."

बाईंनी चिकटवलं. चुन्याचं काम दादाला मिळवून दिलं. तेवढेच हातपाय हलतील, एवढाच त्यांचा हिशेब.

दादाने काम हातात घेतलं ते मात्र देवळाचा कळस रंगवावा तसं. दोरी ताणली, गुढघ्यावर बसला, एक डोळा मिटून रेघ नजरेने तपासली. "चिंगे, दारं कुठं येणार?" त्याने विचारलं. बाईंना चिंगी म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

"कसली दारं?"

"गाडीची. माणसानं उभं कुठं राहायचं, हे त्याला कळायला नको?"

बाईंनी कार्यालयातून नकाशा आणून दिला. दादाने फलाट आखला, कडेची रेघ ओढली, दारांच्या जागी खुणा केल्या. पुढच्या सुट्टीला बाई गेल्या तर फलाटाच्या पुढे गवतातून दोन पांढरे रूळ गेलेले. सरळ, समांतर, थेट मैदानाच्या टोकाला बंद पडलेल्या गोदामाच्या भिंतीपर्यंत.

"रूळ कुणी सांगितले होते रे?"

"रुळांशिवाय फलाट म्हणजे नुसता ओटा झाला."

"आणि भिंतीशी जाऊन काय करणार ते?"

"भिंतीपलीकडे आपलं काम नाही," दादा म्हणाला, आणि हात पुसत आपल्या कामाकडे असा बघत राहिला जसा तो कित्येक दिवसांत कशाकडेच बघत नव्हता.

बाईंनीही बघितलं. ते रूळ इतके सरळ होते की नजर भिंतीशी थांबत नव्हती. तिथवर जायची आणि जराशी घसरायची; मग आपणच मान झटकून ती परत आणायची. बाईंनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

मोजायला एक निवृत्त कवायतमास्तर नेमले. त्यांनी जन्मभर शाळेच्या सहली नेल्या होत्या. जाताना पोरं मोजायची, येताना मोजायची, आणि दोन्ही जुळल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. पहिल्या सकाळी लोक आले ते लग्नाच्या पंगतीला आगंतुक यावेत तसे, एकमेकांकडे बघून हसत. काहींनी डबे आणले होते. "डबा कशाला?" मास्तरांनी शिंप्याला विचारलं. "सवय नको व्हायला?" शिंपी म्हणाला. दादा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या दाराच्या खुणेपाशी उभा होता. भोंगा खरखरला आणि कार्यालयातल्या टेलिफोनवाल्या बाईंच्या आवाजात म्हणाला, गाडी फलाटावर येत आहे, कृपया रेषेच्या मागे उभे राहावे. गाडी सुटत असल्याची घोषणा ध्वनिमुद्रित करायची राहून गेली होती. गाडी सुटायचीच नव्हती, तेव्हा ते कुणाला खटकलं नाही. लोक थोडा वेळ उभे राहिले, ओशाळले आणि घरी गेले.

मग काही दिवसांनी मास्तरांचा कार्यालयात फोन आला.

"बाई, उभे राहतात ते बरोबर राहतात. पण घरी जाताना दिसत नाहीत."

"म्हणजे पांगत असतील इकडेतिकडे."

"मी पोरं मोजण्यात जन्म घालवलाय बाई. पांगणं मला ओळखू येतं. हे पांगत नाहीत. हे नसतात."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी असतात. मोजून घेतले. जुळले. जुळलं म्हणून मी कालपर्यंत बोललो नाही."

बाई दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसने गेल्या. सकाळ लख्ख होती, पलीकडच्या घरांच्या गच्चीवर कपडे वाळत होते, आणि फलाटावर गावातली ओळखीची माणसं आपापल्या दाराच्या खुणेपाशी उभी होती. आता कुणी हसत नव्हतं. ज्यांना रोज जायचं असतं ते हसत नाहीत. दादा पुढे होता. त्याने बाईंना बघून भुवई उडवली, बस.

भोंगा बोलला. बाईंनी ठरवलं होतं की पापणीही हलू द्यायची नाही. त्यांनी हलू दिली नाही. पण झोप लागते तो नेमका क्षण कुणाला कधी सापडलाय का? तसंच झालं. लोक होते, गवत सपाट दबल्यासारखं झालं, गच्चीवरचे कपडे वारा नसताना सगळे एका बाजूला उडाले, आणि मग फलाट रिकामा होता. तो बराच वेळ रिकामा असावा असा रिकामा. एक कुत्रा चुन्याच्या रुळांपाशी आला, थांबला, दोन्हीकडे नीट बघितलं आणि मगच पलीकडे गेला.

"जुळतील संध्याकाळी," मास्तर म्हणाले. त्यांनी आपली खुर्ची सावलीत ओढली. "चहा घेता?"

संध्याकाळी जुळले. शिंपी, दूधवाला, दवाखान्यातली परिचारिका, दादा, सगळे फलाटावर होते. सदरे चुरगळलेले, डबे रिकामे, चेहऱ्यावर दिवसभर काम केलेल्या माणसाचं समाधान. दादाच्या केसांना लोखंडाचा वास येत होता.

"घरात बसून नुसते भुतासारखे दिसायचे," वहिनी ताटं वाढता वाढता म्हणाली. "आता कसे माणसात आल्यासारखे वाटतात. तुमचे उपकार हो, वन्सं."

दादा जेवत होता आणि बाई त्याच्याकडे बघत होत्या. तो किंचित हलत होता. पुढे-मागे, पुढे-मागे, धावत्या गाडीत बसलेला माणूस हलतो तसा, स्वतःला कळणार नाही इतका. मग एकाएकी तो डावीकडे कलला, हात टेबलाच्या कडेला गेला, आणि पुन्हा सरळ झाला. बाईंनी सहज खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घरात शिंपी जेवत होता. तोही आत्ताच सरळ होत होता. पलीकडे फाटकाशी परिचारिका कुणाशी तरी बोलत उभी होती. तिनेही फाटक धरलं होतं.

"वळण आहे तिथं," दादा तोंडात घास असतानाच म्हणाला. "जरा जोरात घेतो तो."

"दादा, ती जाते कुठं?"

"शेवटपर्यंत."

"शेवटी काय आहे?"

"अजून उतरलो नाही. वाटेत गंमत वाटते, बसून राहतो. गर्दी नाही, खिडकी मिळते." त्याने पाण्याचा पेला उचलला आणि प्यायच्या आधी, न सांडावा म्हणून, हिसक्याची वाट पाहिली. "पण उतरेन म्हणतो एकदा. तिथं पाट्या रंगवणारा लागतो म्हणतात. हाताने."

"तू उतरू नकोस," बाई म्हणाल्या.

"का गं?"

बाईंना कारण देता आलं नाही. त्यांनी आयुष्यभर फक्त अंदाज दिले होते.

कार्यालयात परतल्यावर त्यांनी साहेबांना गाठलं. साहेबांपुढे मास्तरांचे आकडे होते आणि चेहरा नातवाचं बारसं असल्यासारखा.

"साहेब, लोक गाडीत बसतायत."

"म्हणजे मागणी आहे."

"साहेब, गाडी नाहीये."

"म्हणजे गरज आहे." साहेबांनी कागदावर कौतुकाने हात फिरवला. मग त्यांच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली. "तिकिटं काढतात ना?"

"नाही."

"हे मात्र बरोबर नाही, बाई. हे तुम्ही बघायला हवं होतं."

मार्ग मंजूर झाला. इतका पटकन कुठलाच मार्ग मंजूर झाला नव्हता. आणि ज्या दिवशी मंजुरी आली त्याच संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. "एक कमी," ते म्हणाले, आणि कोण ते त्यांना सांगावं लागलं नाही.

बाई गावी पोचल्या तेव्हा वहिनी शांत होती. तिने दादाचं ताट झाकून ठेवलं होतं. "शेवटची चुकली असेल," ती म्हणाली. "नोकरीवरच्या माणसाला उशीर व्हायचाच. उद्या येतील." उद्या आला नाही. परवाही नाही. वहिनी रोज ताट झाकत राहिली आणि रोज सकाळी, भांडी घासताना, जरा जास्त वेळ लावू लागली.

बाईंनी रजा टाकली आणि फलाटावर मास्तरांच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडली. संध्याकाळी शिंपी उतरला तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"माझा दादा?"

"उतरला की शेवटच्याला. पेटी घेऊन उतरला, ब्रशांची."

"तिथं आहे काय?"

शिंप्याने मान खाजवली. "गाव आहे, ताई. असंच. दुकानं आहेत, रस्ते आहेत, माणसं दिसतात लांबून. पाट्या मात्र सगळ्या कोऱ्या. मी नाही उतरलो, दारातूनच बघितलं." तो किंचित डावीकडे कलला आणि सावरला. "तुमचा दादा म्हणाला, अरे बापरे, केवढं काम पडलंय. आणि उडीच मारली."

त्याच आठवड्यात खोदाईचं यंत्र आलं. पिवळं, मैदानाच्या कडेला उभं, आणि त्याचा चालक खाली बसून विडी ओढत होता. खोदायला सुरुवात करायची तर जागा रिकामी असल्याचा दाखला लागतो, आणि त्यावर सही लागते ती मागणी मोजणाऱ्या अधिकाऱ्याची. म्हणजे बाईंची.

"रिकामी नाहीये," बाई म्हणाल्या.

चालकाने मैदानाकडे बघितलं. मैदानात गवत होतं, चुना होता आणि दोन खुर्च्या होत्या. "खुर्च्या मी उचलून ठेवतो, मॅडम," तो म्हणाला. भला माणूस होता.

"आमची माणसं गाडीत आहेत. फलाट खणला तर ती उतरणार कुठं?"

चालकाने विडी विझवली, यंत्रात चढून बसला आणि खिडकीची काच वर केली. यंत्र सुरू मात्र केलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले. त्यांनी मास्तरांना हाताशी धरायचा प्रयत्न केला. "मास्तर, सगळे परत आले की एक दिवस सांगा. त्या दिवशी खणू."

"आता सगळे परत नसतात, साहेब. एक तरी कमी असतोच. आणि मोजणी जुळल्याशिवाय मी जागा सोडत नाही."

"अहो, तुमची नेमणूक संपली परवाच."

"सहल संपली नाही," मास्तर म्हणाले.

मग साहेब बाईंकडे वळले. आवाज खाली आणून, घरच्यासारखं बोलले. "बाई, मंजूर झालेलं काम आहे. खरी गाडी येईल. खऱ्या गाडीने जाऊन आणा तुमच्या दादाला."

"खरी गाडी जंक्शनला जाईल, साहेब. तो तिथं नाहीये."

"कुठं आहे मग?"

बाईंनी हात केला. साहेबांनी त्या दोन पांढऱ्या रेघांवरून भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. भोंगा आपोआप खरखरला, वेळ झाली होती, आणि साहेबांचे पाय, जे खोटं बोलत नाहीत, हळूच एक पाऊल पुढे सरकले. मास्तरांनी त्यांना मागून कोटाला धरलं. इतक्या सराईतपणे धरलं की ही त्यांची पहिली वेळ नव्हती हे कळलं.

साहेब खाली खुर्चीवर बसले आणि रुमालाने मान पुसू लागले. "आतून ओळखीच्या कुणीतरी बोलावल्यासारखं," ते म्हणाले, आणि वाक्य तिथंच सोडलं. नंतर त्यांनी चहा मागितला आणि तो संपेपर्यंत भिंतीकडे पाठ करून बसले. जाताना म्हणाले, "बाई, मागणीची फेरतपासणी करायचा अधिकार तुम्हाला आहे. जुन्या पद्धतीने करा. घरोघर. मला काही विचारू नका."

बाई घरोघर गेल्या. नमस्कार केला, विचारलं, "गाडी आली तर जाल का?" आणि ज्या गावाने आजवर दारातल्या कुणालाही नाही म्हटलं नव्हतं, ते गाव एका सुरात नाही म्हणालं. पाणी दिलं, बसायला दिलं, आणि नाही म्हणालं. "आणखी कशाला? आहे की एक," परिचारिका म्हणाली. दूधवाल्याने तर दुसऱ्या गाडीने पहिलीची वेळ बिघडेल अशी काळजी व्यक्त केली. एका म्हातारीने बाईंचा हात धरला आणि विचारलं, "माझा मुलगा जातो तीच बंद करणार नाही ना गं?" बाई नाही म्हणाल्या. परत येऊन त्यांनी एका ओळीचा अहवाल लिहिला : मागणी नाही. तो लिहिताना त्यांचा हात थांबला नाही. इतका खरा अहवाल त्यांनी आधी कधी लिहिला नव्हता.

यंत्र परत गेलं. साहेब निवृत्त झाले. ते आता पायी फिरायला जातात आणि रेघ दिसली की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. वर चौकशी झाली, मोजलेल्या आकड्यांचं काय म्हणून, आणि बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्या वहिनीबरोबर राहायला आल्या. गाव थोडं विरळ झालं. आणखी काहीजण शेवटच्याला उतरले. बसमध्ये जागा मिळू लागली, दवाखान्यात नंबर लवकर लागू लागला, आणि याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

चुना मात्र टिकेना. पाऊस, पाय, गवत, सगळ्यांनी मिळून तो खाल्ला. एक दिवस कडेची रेघ इतकी पुसट झाली की संध्याकाळची माणसं उतरताना अडखळली आणि दूधवाल्याचा पाय मुरगळला. तेव्हा बाईंनी दादाची बादली काढली, चुना कालवला, आणि दोरी ताणून गुढघ्यावर बसल्या. त्यांना ते काम येत नव्हतं. रेघ मधेच पोटात गेली, पुढे बाहेर आली. मास्तर म्हणाले, "चालेल," पण त्यांनी ते दुसरीकडे बघून म्हटलं.

त्या संध्याकाळी गच्चीवरचे कपडे एका बाजूला उडाले, गवत दबलं आणि फलाटावर माणसं उभी राहिली. त्यांच्यात दादा होता.

तो बारीक झाला होता. बोटं रंगाने माखलेली होती, असल्या रंगाने की ज्याचं नाव आठवू नये. वहिनी धावत आली, तिच्या हातात ताट तसंच होतं. दादा दोघींच्या मधून, गर्दीतून वाट काढावी तसा अदबीने गेला आणि रेघेपाशी जाऊन थांबला.

"ही कुणी काढली?" त्याने विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या.

"बाई, राग मानू नका, पण हे आपलं काम नाही." तो मान तिरकी करून बघत होता. "खिडकीतून दिसली. बघवेना, म्हणून उतरलो."

"दादा, मी चिंगी."

"हो का," दादा म्हणाला. अनोळखी माणसाने नाव सांगितलं की आपण म्हणतो तसं. मग त्याने बादली ओढली, गुढघ्यावर बसला, एक डोळा मिटला आणि वाकडी रेघ खरवडून सरळ ओढली. टोकापासून टोकापर्यंत, एका दमात. वहिनीने ताट त्याच्यापुढे धरलं तेव्हा त्याने "आपण कशाला त्रास घेतलात" म्हणत दोन घास खाल्ले. "छान आहे," म्हणाला. "असं घरी मिळायचं." वहिनी पदराने तोंड झाकून मागे सरली.

"थांब ना," बाई म्हणाल्या.

"थांबणारच. ओली आहे, कुणी पाय देईल." तो रेघेशेजारी मांडी घालून बसला. बाई त्याच्या शेजारी बसल्या. तो पाट्यांबद्दल बोलला. तिथं एक लांबच लांब रस्ता आहे, सगळा व्हायचा आहे, आणि अक्षरं काढून झाली की ती वाचायला कुणी थांबत नाही, एवढंच जरा लागतं म्हणाला. बाई ऐकत होत्या. एकदा तो डावीकडे कलला तेव्हा त्यांनी खांदा पुढे केला आणि तो क्षणभर टेकला. मग त्याने बोट लावून रेघ बघितली. बोटाला चुना लागला नाही. तो उठला, पायजम्याची माती झटकली, नमस्कार केला, आणि पुढच्या वेळेला एखादा जाणकार माणूस बोलवा असं सांगून पहिल्या दाराच्या खुणेपाशी जाऊन उभा राहिला. भोंगा बोलला.

घरी आल्यावर दारात चपला काढताना वहिनी म्हणाली, "वन्सं, परत कधी काढायची रेघ?"

आता बाई ती वरचेवर काढतात. गोदामाच्या भिंतीपर्यंत रूळ त्या नीट ठेवतात, दारांच्या खुणाही. कडेची रेघ तेवढी मधेच पोटात जाते. फार नाही, ज्याला कळतं त्यालाच खुपेल एवढी. दादा उतरतो, वैतागतो, हा कसला हात म्हणतो, आणि सरळ करायला बसतो. वहिनी ताट घेऊन येते. नंतर रेघ वाळेपर्यंत तिघं बसून असतात, मास्तर लांबून मोजतात.

गावातल्या गवंड्यांनी बाईंना एकदा सांगितलं, चुना तुम्ही फार पातळ कालवता, दाट कालवला तर चटकन वाळेल. बाईंनी त्यांचे आभार मानले. त्या बादलीत पाणी जरा जास्तच घालतात.